आतल्या बाजूची तारीख

गाडीतून उतरल्या उतरल्या त्या माणसाने पुढच्या टायरला बुटाच्या टोकाने एक लाथ मारली आणि म्हणाला, "एकदम ठणठणीत!"

ताई दुकानाच्या दारात पाठमोरी बसून ट्रकच्या एका रिमचा गंज घासत होती. तिचा हात जागीच थांबला. नऊ वर्षांत तो आवाज तिच्या समोर कुणी काढला नव्हता, पण तो तिच्या कानात वाजला नाही असा एक दिवसही गेला नव्हता. वळून न पाहताच तिला कळलं, कोण आलंय ते.

मग ती वळली. त्याचे केस पिकले होते, पोट सुटलं होतं, पण लाथ मारून झाल्यावर दोन्ही हात कमरेवर ठेवून जगाकडे मालकासारखं बघायची तऱ्हा तीच होती. त्याच्या मागे एक जुनं मोटारहोम, म्हणजे चाकांवरचं घर, उभं होतं. पंचवीसेक वर्षांचं असावं. बाहेरून नवा पांढरा रंग मारलेला, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे, आणि पुढच्या सीटवर मांडीवर पर्स धरून बसलेली एक बाई.

"तुमच्याकडे मोठ्या गाड्यांचं काम चांगलं होतं म्हणतात," तो म्हणाला. "काम काही नाहीच म्हणा. हवा भरायची, टायर जरा चकचकीत करायचे, आणि विम्यासाठी एक चिठ्ठी द्यायची. टायर तपासले, चांगले आहेत. बस्स. आमच्या हिला फिरायचंय. डोंगर, समुद्र, जे काय असेल ते. निवृत्त झालो, आता हेच करायचं."

त्याने तिला ओळखलं नव्हतं. ओळखणार तरी कसा? त्याने तिला पाहिलं होतं ते चौकशीच्या खोलीत, भिंतीकडेच्या बाकावर. तेव्हा ती कपडे शिवायची. गळ्यात मोजायची टेप तशीच राहिलेली, अंगाने काडी. आता तिचे दंड लोखंड उचलून भरले होते, नखांत काळं होतं, आणि अख्खा रस्ता तिला टायरवाली ताई म्हणून ओळखत होता.

"ठेवा गाडी," ती म्हणाली. "बघते."

*

तिचा थोरला भाऊ बस चालवायचा. सतरा वर्षांत एक ओरखडा नाही. आणि हा माणूस त्या बस कंपनीच्या वर्कशॉपचा मुख्य. भावाला डबा द्यायला ताई वर्कशॉपच्या फाटकाशी गेली, की टायरला लाथ मारून 'ठणठणीत' म्हणणारा हा माणूस तिला लांबून दिसायचा. सगळे त्याला साहेब म्हणत. ताईही तोंडाने साहेबच म्हणायची, मनात मात्र तिने त्याला कधी मान दिला नव्हता.

नऊ वर्षांपूर्वी एका उतारावर भावाच्या बसचा पुढचा डावा टायर फुटला. बस कठडा तोडून खाली गेली. दोन प्रवासी जागीच गेले. दादाचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तो दवाखान्यात शुद्धीवर यायच्या आत साहेबाने सांगून टाकलं होतं, "टायर नवाकोरा होता. नक्षी बघा, बोट बुडेल एवढी खोल आहे. चालकाचा डोळा लागला असणार."

दादाने चौकशीत सांगितलं, की त्या टायरला बाजूने भेगा पडल्या होत्या. आपण दोनदा तक्रारवहीत लिहिलं होतं, आणि साहेबाने दोन्ही वेळा टायरला लाथ मारून 'ठणठणीत' म्हटलं होतं. वही मागवली, तर नेमकी ती पानं वहीत नव्हती. मग दादाने टायरवरच्या तारखेचं काढलं. तेव्हा साहेब हसला. म्हणाला, "ते आकडे कारखान्याचे असतात हो. त्यांना काही अर्थ नसतो." खोलीतल्या एकाही माणसाला टायरमधलं काही कळत नव्हतं. प्रकरण मिटलं. दादाचं लायसन्स गेलं, ठरलेलं लग्न मोडलं, आणि गल्लीत त्याला नवं नाव मिळालं, झोपाळू.

चार वर्षं तो खिडकीशी खुर्चीत बसून राहिला. मग एका सकाळी खुर्चीतच गेला. डॉक्टरने कागदावर हृदय लिहिलं. आई म्हणाली, "हृदय कुठलं? त्याला लोकांच्या जिभेने मारलं."

ताईने मात्र दादा जिवंत असतानाच शिलाईचं मशीन विकलं होतं. नवीकोरी नक्षी असलेला टायर फुटतो कसा, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. हायवेवरच्या एका म्हाताऱ्या टायरवाल्याकडे ती गेली आणि म्हणाली, "मला काम शिकवा." तो आधी हसला, मग त्याने तिच्या हातात पाना दिला. पहिल्याच महिन्यात तिला उत्तर मिळालं. टायर झिजतो तसा म्हातारासुद्धा होतो. नुसता पडून राहिला तरी होतो. रबर आतून सुकतं, थर एकमेकांना सोडतात, आणि नक्षी मात्र जशीच्या तशी दिसते. म्हणून तर प्रत्येक टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. सहा-सात वर्षं झाली की टायर कितीही देखणा असो, त्याला खाली उतरवायचं.

म्हणजे त्या आकड्यांना अर्थ होता. आणि वर्कशॉप चालवणाऱ्या माणसाला तो माहीत नसणं शक्य नव्हतं.

हे तिने दादाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मला माहीतच होतं गं. पण आता ऐकणार कोण?"

म्हातारा टायरवाला थकल्यावर दुकान तिच्याकडे आलं. मागच्या खोलीत ती आणि आई राहू लागल्या.

*

ताई फळीवर आडवी होऊन मोटारहोमखाली सरकली. पुढे दोन टायर, मागे दोन-दोनची जोडी, असे सहा. बाहेरून पाहिलं तर नक्षी खोल, रबर काळंभोर. कुणीतरी आधीच पॉलिश फासून ठेवलेलं. तारीख कुठेच दिसेना. तिने बॅटरी आतल्या बाजूला फिरवली आणि तिच्या तोंडातून शिटी निघाली. सहाच्या सहा टायर उलटे बसवले होते, तारीख आत. बोटाने चिखल पुसून तिने आकडे वाचले. अठरा वर्षं. आतल्या बाजूला तर पॉलिशही नव्हतं. कोरड्या तळ्याच्या तळासारख्या भेगा होत्या. एका भेगेत तिचं नख गेलं.

ती तशीच पडून राहिली. वर गाडीत कुणीतरी चालत होतं, कपाट उघडल्याचा आवाज आला. तिच्या नाकासमोर चार बोटांवर तिचा सूड होता, आणि त्यासाठी तिला बोटही उचलावं लागणार नव्हतं. फक्त गप्प बसायचं. हवा भरायची, चिठ्ठी द्यायची, आणि हात हलवून निरोप द्यायचा. पुढचं काम ऊन करील, उतार करील, आणि ती भेग करील.

ती बाहेर आली.

"काय म्हणतात टायर?" साहेबाने विचारलं.

"तुम्हीच घातलेत का हे?"

"मीच. गाडी घेतली तेव्हाच नवे टाकले. ओळखीतून मिळाले." तो बायकोला ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणाला. "या बाबतीत मला कुणी शिकवायची गरज नाही. उभा जन्म टायरांत गेलाय."

"हो, ते दिसतंय," ताई म्हणाली. "उद्या सकाळी थंड टायरांत हवा भरते. गरम टायरचं माप खोटं येतं. चिठ्ठी तेव्हाच देते."

दोघं गाडीतच राहणार होते. ताईने आवाराच्या कोपऱ्यात जागा दिली. दिवेलागणीला तिने चिठ्ठ्यांचं पुस्तक काढलं, तारीख घातली, गाडीचा नंबर लिहिला. 'सहा टायर तपासले. प्रवासास योग्य.' खाली सही केली. आईने विचारलं, "काय लिहितेस?" ती म्हणाली, "काही नाही, एक जुनं काम राहिलं होतं." त्या रात्री ताईला बऱ्याच वर्षांनी गाढ झोप लागली. हे ती पुढे कधी लपवायची नाही.

*

सकाळी साहेबाची बायको पाणी मागायला आली. ठेंगणी, गोलसर, चष्मा दोरीला बांधून गळ्यात अडकवलेला. आईने तिला चहा दिला आणि दोघी दहा मिनिटांत जन्मोजन्मीच्या ओळखीच्या असल्यासारख्या बोलायला लागल्या. ताई कंप्रेसरची नळी सोडवत होती. काकू चहाचा कप घेऊन तिच्याजवळ आल्या.

"एक विचारू का? हसू नका हं," त्या म्हणाल्या. "मला उताराची फार भीती वाटते. हे म्हणतात, टायर नवे आहेत, तू गप्प बस. पण यांचं बोलणं मला... आता बघा, माणूस चाळीस वर्षं संसार करतो, तर कुठे मान डोलवायची आणि कुठे नाही ते कळतंच ना. म्हणून मीच हट्ट धरला, की कुणा तिसऱ्याकडून तपासून घ्या. तुम्ही खाली जाऊन पाहिलंत. तुम्ही सांगितलंत की मी डोळे मिटून बसते. चांगले आहेत ना?"

ताईच्या जिभेवर 'हो' तयार होतं. एक अक्षर. ते बाहेर पडेना. तिला त्या बाईची दया आली असं नव्हे. नंतर तिने स्वतःला पुन्हा पुन्हा विचारलं आणि उत्तर तेच आलं. तिला दिसली ती सही. उद्या ही गाडी दरीत पडली, तर कुणीतरी ती चिठ्ठी पुढे करील आणि म्हणेल, टायर चांगले होते, तपासलेले होते, चालकाचाच डोळा लागला असणार. मेल्यावरही हा माणूस तिच्याकडून स्वतःचंच वाक्य वदवून घेणार होता.

आणि दुसरंही होतं. एका धडाक्यात मरणं म्हणजे सुटणं. दादा चार वर्षं बसला होता.

"काकू," ती म्हणाली, "चहा संपवा आणि खुर्ची घेऊन आवारात बसा. तुम्हाला दाखवतेच."

तिने चिठ्ठी फाडली, कंप्रेसर बंद केला आणि जॅक ओढत आणला. साहेब दात घासत गाडीबाहेर आला तोवर एक कड वर उचलली गेली होती.

"अहो, हवा भरायला गाडी कशाला उचलताय?"

"आतल्या टायरचा व्हॉल्व्ह नीट दिसत नाही. तुम्हाला तर माहीतच आहे सगळं."

तो पुन्हा दात घासू लागला. तासाभरात मोटारहोम लोखंडी ठोकळ्यांवर उभं होतं आणि सहा चाकं आवारात एका ओळीत आडवी पडली होती, आतली बाजू वर. ताईने ओल्या फडक्याने ती पुसली आणि प्रत्येकावर चार आकड्यांभोवती पांढऱ्या खडूने गोल काढला. समोरच्या चहाच्या टपरीवर दोन ट्रकवाले आणि एक स्कूलबसचा ड्रायव्हर बसले होते. सगळे तिच्याच गिऱ्हाइकांपैकी. तिने त्यांना हाक मारली. "या रे, जरा बघायला या." मग आईला बाहेर बोलावलं.

"साहेब," ती म्हणाली, "चष्मा लावा आणि पहिल्या चाकावरचे आकडे वाचा. मोठ्याने."

साहेबाने चाकांकडे पाहिलं, मग बायकोकडे. "ते होय! ते कारखान्याचे आकडे असतात. त्यांना काही अर्थ नसतो."

आईचा हात दाराच्या चौकटीवर होता. तो तिथेच घट्ट झाला. नऊ वर्षांपूर्वी तीसुद्धा त्या बाकावर बसली होती.

"पुन्हा बोला," ताई म्हणाली. "अगदी हेच वाक्य तुम्ही चौकशीच्या खोलीत बोलला होता. शब्दाला शब्द. तेव्हा मला आकडे वाचता येत नव्हते. तेवढ्यासाठी मी हा धंदा शिकले. मी त्या ड्रायव्हरची बहीण. ही त्याची आई."

साहेबाचा चेहरा राखेसारखा झाला. तोंडाच्या कडेला पेस्टचा डाग तसाच वाळला होता. स्कूलबसचा ड्रायव्हर पुढे झाला, वाकला आणि त्याने आकडे वाचले. "अठरा वर्षं," तो म्हणाला. दुसऱ्यावर गेला. "अठरा." तिसऱ्यावर. "हेही तेच." सहाव्या चाकापर्यंत आकडे बदलले नाहीत.

ताईने पहिल्या चाकाचा टायर यंत्रावर उतरवला, बाजूने चिरला आणि दोन्ही हातांनी ओढला. शिळ्या पावाचा पापुद्रा निघावा तसा नक्षीचा अख्खा पट्टा खालच्या थरापासून सुटून आला. तिने तो काकूंच्या मांडीवर ठेवला.

"नवे टाकले म्हणालात," काकू हळूच म्हणाल्या.

"अगं, नवेच होते ते! वापरलेले नव्हते! गोदामात पडून होते, एकदाही रस्त्यावर..."

"कुठल्या गोदामात?" ताईने विचारलं.

साहेबाने नजर चाकांवरून काढून घेतली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथे तर भर उन्हात सगळं लख्ख दिसत होतं. वर्कशॉपचं गोदाम. दादाच्या बसला ज्या ढिगातला टायर लागला, तोच ढीग. उरलेले टायर याने स्वतःच्या गाडीसाठी घरी नेले होते.

"लोभ म्हणावा की काय म्हणावं," म्हातारा ट्रकवाला म्हणाला. "स्वतःच्या बायकोलाही त्याच टायरवर बसवलं की हो याने."

*

साहेब आधी ओरडला. पोलिसांत जाईन म्हणाला.

"जा की. चौकी कोपऱ्यावरच आहे. मीही येते. एक टायर बरोबर घेऊ, तिथल्यांनाही वाचून दाखवू."

मग तो म्हणाला, "माझी गाडी अडवून ठेवता येणार नाही तुम्हाला."

"कोण अडवतंय?" ताईने पाना उचलला. "तुमचीच गाडी आणि तुमचेच टायर. एक फाटला तर तुमची स्टेपनी आहे, तीही अठरा वर्षांचीच. तुम्ही फक्त बायकोसमोर एवढं म्हणा, हे टायर चांगले आहेत, चढवा. आत्ता चढवते. तासाभरात रस्त्याला लागा."

त्याने तोंड उघडलं. काकू त्याच्याकडे टक लावून पाहत होत्या. तोंड मिटलं.

"म्हणा ना," काकू म्हणाल्या.

ते वाक्य म्हणण्याऐवजी त्याने चाकांकडे पाठ फिरवली.

"नवे टायरही मिळतील," ताई म्हणाली. "हे माप आता कुणी ठेवत नाही, मागवावं लागेल. तीन दिवस लागतील. भाव तोच घेईन जो सगळ्यांकडून घेते, काम तेच करीन जे सगळ्यांचं करते. फक्त त्याआधी तुम्ही एक कागद लिहायचा. त्या बसचं जे खरं आहे ते. सही तुमची, आणि साक्षीला हे तिघं."

"आणि नाही लिहिला तर?"

उत्तर काकूंनी दिलं. "नाही लिहिला तर मी या गाडीत पाय ठेवणार नाही. ना जुन्या टायरवर, ना नव्या." मग त्या आईकडे वळल्या. त्यांनी हात जोडले. "त्या रात्री हे घरी आले आणि पोटभर जेवले हो," त्या म्हणाल्या. "मी विचारलं, बसचं कसं झालं? तर म्हणाले, ड्रायव्हर झोपला. आणि मी म्हटलं, असली माणसं ठेवतातच कशाला."

आईने त्यांचे जोडलेले हात खाली केले. "आत चल," ती म्हणाली. "ठोकळ्यांवरच्या गाडीत कुणी झोपायचं नाही असा हिचा नियम आहे. तू माझ्याकडे झोप. त्याला कुठे झोपायचं तिथे झोपू दे."

साहेब नाक्यावरच्या लॉजमध्ये गेला. दोन दिवस तो सकाळी यायचा, आपल्या बिनचाकी घराकडे बघायचा, बायकोशी बोलायचा प्रयत्न करायचा. ती आईबरोबर उशा उसवून नव्याने भरत बसलेली असायची. मान वर करायची नाही. रस्त्यावरच्या दुसऱ्या दोन टायरवाल्यांकडे तो जाऊन आला. एकाने सांगितलं माप नाही. दुसऱ्याने सांगितलं माप आहे, पण तुमच्यासाठी नाही. टपरीवरच्या ड्रायव्हरांनी त्याला एक खेळच लावला. तो दिसला की कुणीतरी जवळच्या टायरला लाथ मारायचं आणि सगळे एका सुरात म्हणायचे, "ठणठणीत!" ताई हसायची नाही. पण गोड लागायचं. तिला ते इतकं गोड लागायचं, की ती मुद्दाम बाहेर येऊन बसायची.

तिसऱ्या दिवशी नवे टायर आले आणि साहेबानेही कागद मागितला.

तो दुकानातल्या टेबलाशी बसून तासभर लिहीत होता. ताईने वाचलं. 'सदर टायरची स्थिती तितकीशी समाधानकारक नसावी, अशी शक्यता नाकारता येत नाही.'

"हे काय आहे?" ती म्हणाली. "कोण नाकारतंय? कुणाची शक्यता? 'मला माहीत होतं' असं लिहा."

त्याने खोडून लिहिलं. आईला वाचता येत नव्हतं. तिने तो कागद ताईकडून मोठ्याने वाचून घेतला आणि मध्येच थांबवलं. "पानं कुणी फाडली ते कुठाय यात?"

"आजी, जाऊ द्या ना आता..."

"मी तुझी आजी नाही. पानं कुणी फाडली?"

त्याने लिहिलं. आईने पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं. "दोनदा सांगितलं होतं म्हणून लिही. एकदा नाही, दोनदा. आणि तो झोपला नव्हता, हे एका ओळीत एकटं लिही. त्याच्या आजूबाजूला दुसरं काही नको."

चौथ्यांदा लिहिलेला कागद आईला पसंत पडला. शेवटची ओळ होती: 'ड्रायव्हर झोपला नव्हता.' साहेबाने सही केली तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. कशाचं ते ताईने विचारलं नाही. स्वतःसाठीच असणार.

*

मग ताईने टायर बसवले, आणि असे बसवले की म्हातारा गुरू असता तर पाठ थोपटली असती. रिम घासून साफ केले, व्हॉल्व्ह नवे घातले, तारीख बाहेरच्या बाजूला. मागच्या जोडीतल्या फक्त दोन आतल्या टायरांची तारीख आत गेली. ती तिने रिमवर रंगाने लिहून ठेवली. नट समोरासमोरच्या क्रमाने, मापाच्या पान्याने आवळले. मग गाडी वजनकाट्यावर नेऊन पुढचं आणि मागचं वजन वेगवेगळं घेतलं, आणि त्या वजनाला जेवढी लागते तेवढीच हवा भरली. सगळं सांगताना तिने साहेबाकडे पाहिलंही नाही. ती काकूंना सांगत होती आणि काकू चष्मा लावून वहीत लिहीत होत्या.

"हवा सकाळी बघायची, गाडी हलायच्या आधी. आतल्या टायरांची सुद्धा, त्यांनाच लोक विसरतात. गाडी उभी राहणार असेल तर टायरांवर कापड झाका, ऊन त्यांना खातं. महिनोन्‌महिने एका जागी ठेवू नका, अधूनमधून हलवा. आणि सत्तर किलोमीटर गेल्यावर नट पुन्हा आवळून घ्या, कुठेही."

"आणि बदलायचे कधी?"

"सात वर्षांनी. कितीही देखणे दिसले तरी."

काकूंनी वही मिटली, ती साहेबाच्या हातात दिली आणि मागच्या खोलीतून आपली पिशवी घेऊन आल्या.

"चला," साहेब म्हणाला.

"तुम्ही चला. मी बहिणीकडे जातेय. बसने."

"अगं, कागद लिहिला ना मी! सगळं तिच्या मनासारखं केलं!"

"कागद त्यांच्यासाठी लिहिलात," काकू म्हणाल्या. "मला तुम्ही त्या टायरांवर बसवून डोंगर दाखवणार होतात. त्याचं मला अजून कळायचंय."

त्या चौकात गेल्या आणि आलेल्या बसमध्ये चढल्या. साहेब आपल्या सहा नव्या टायरांवर, फुलाफुलांच्या पडद्यांच्या घरात, एकटा बसून गेला. एवढं ताईने मागितलं नव्हतं. पण मिळालं ते तिने परतही केलं नाही. तिला वाईट वाटायला हवं होतं का, हे तिने स्वतःला विचारून पाहिलं. वाटलं नाही. काकूंबद्दल थोडं वाटलं, साहेबाबद्दल काडीचंही नाही.

कागद चौकशीवाल्यांकडे गेला. त्यांनी दोन महिने घेतले, साहेबाला तीनदा बोलावलं, आणि शेवटी दादाच्या नावावरचा ठपका काढल्याचं पत्र आलं. साहेबावर खटला उभा राहिला. कंपनीने वर्कशॉपच्या भिंतीवरून त्याचा निवृत्तीचा फोटो उतरवला, असं स्कूलबसच्या ड्रायव्हरने सांगितलं. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर आठ ओळी छापून आल्या. दादाचं लायसन्स परत मिळायचा प्रश्नच नव्हता. ताईने पत्र वाचलं आणि पहिल्यांदा तिला रडू फुटलं, रागाचंच. पाच वर्षं उशीर झाला होता, आणि तो भरून काढील असा सूड कुठल्याच दुकानात मिळत नव्हता.

आई रडली नाही. तिने ते वर्तमानपत्र घडी करून पदरात घेतलं आणि ताईला म्हणाली, "हात धू. चल माझ्याबरोबर."

"कुठे?"

"जुन्या गल्लीत. पहिलं घर त्या कोपऱ्यावरच्या बाईचं. झोपाळू हे नाव तिनेच ठेवलं होतं. तू वाचायचंस, मी तिच्या तोंडाकडे बघणार आहे."

"आणि मग?"

"मग शेजारचं घर. सतरा घरं आहेत. आज नाही संपली तर उद्या जाऊ."

ताईने साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, दुकानाचं शटर ओढलं आणि आईच्या मागे निघाली.